दाखवायची शिडी

रंगाऱ्याची बायको नवऱ्याची पिशवी न्यायला आली होती. बघते तर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे या कामाचा ठेकेदार, घाम गाळत जिन्यात शिडी लावतोय. नवीकोरी, अॅल्युमिनियमची. तिचे पाय वेगवेगळे लांब-आखूड करता येत होते, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या. जिन्यात काम करायचं तर हीच शिडी लागते. हे कळायला ठेकेदार व्हावं लागत नाही, आणि झालं तरी कळतंच असं नाही.

परवा तिचा नवरा याच जिन्यात चढला होता तो लाकडी घोड्यावर. घोडा म्हणजे दोन्हीकडून फाकवून उभी करायची शिडी. सपाट जमिनीवर देवमाणूस, पायऱ्यांवर अगदी बेभरवशाची. खालच्या दोन पायांखाली चार-चार विटा लावल्या होत्या. विटा सरकल्या. आता तो हॉस्पिटलात पायाला वजन बांधून पडला होता. डॉक्टर म्हणाले होते, चालेल, पण पुन्हा चढायचं नाव काढू नका.

"ही कधी आणलीस इथं?" तिनं विचारलं.

"होतीच की," भाऊ म्हणाला. "हे बघ ताई, अकराला कामगार खात्याचे साहेब येतायत चौकशीला. तुला विचारतील. एवढंच सांग, शिडी होती, पण दाजींनीच घोडा घेतला. त्यांना घोड्यावर चढायची हौस भारी, तुला ठाऊकच आहे."

स्वतःच्या विनोदाला तो एकटाच हसला.

ही शिडी तिला चांगली माहीत होती. भावाच्या गोदामात ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, साखळीला कुलूप घालून ठेवलेली असायची. नवं काम मिळवायचं असलं की ती टेम्पोतून गिऱ्हाइकाच्या दारात जायची, उघडून दाखवली जायची आणि परत येऊन गुंडाळली जायची. कामगारांनी तिचं नावच ठेवलं होतं, दाखवायची शिडी. परवा सकाळी नवऱ्यानं ती तीनदा मागितली होती. "एवढ्याशा भिंतीसाठी ती कशाला खराब करता दाजी, विटा लावा की," असं उत्तर मिळालं होतं. शुद्धीवर आल्यावर नवऱ्यानं तिला आधी तेच सांगितलं.

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"तर माझं लायसन जाईल. मग दाजींना बसून करायचं काम कोण देणार? मी गोदामात खुर्ची टाकून देणार होतो त्यांना." भावाचा आवाज खाली आला. "चूक कुणाच्या तरी नावावर लिहावीच लागते गं. दाजी तसेही आता चढणार नाहीत. त्यांचं काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! पंचवीस वर्षं तो माणूस शिडी लावल्यावर आधी खालच्या पायरीवर उभा राहून दोनदा अंग झोकून बघायचा, मगच चढायचा. घरात बल्ब बदलतानासुद्धा स्टूल चारदा हलवायचा. पोरी हसायच्या त्याला. आणि आता त्याच्या नावावर लिहिलं जाणार होतं, याला शिडी निवडता आली नाही.

तिनं शिडीवरून हात फिरवला. नवऱ्याच्या घड्याळावर रंग होता, जेवणाच्या डब्यावर रंग होता. एकदा तर धाकटीच्या कानामागे सापडला होता.

"भाऊ, हिच्यावर रंगाचा एक थेंब नाही रे," ती म्हणाली. "हिला कामाची शिडी कोण म्हणेल?"

भावानं शिडी वरपासून खालपर्यंत बघितली. तिला वाटलं, लागलं. लहानपणी काच फोडून दारामागे उभा राहायचा, तसा दिसला तो तिला घटकाभर.

मग त्यानं वाकून डबा उघडला, ब्रश बुडवला आणि शिडीवर झटकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. फिकट पिवळ्या ऑइलपेंटचे थेंब तिच्या पायऱ्यांवर पसरले.

"बरं झालं बोललीस ताई," तो म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नसतं."

साहेब अकराच्या आधीच आले. शिडीला हात टेकून उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं.

"हीच का ती शिडी?"

"होय साहेब. रोजच्या वापरातली."

साहेबांनी हात काढला. तळवा पिवळा झाला होता. त्यांनी तळव्याकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. आता विचारतील. आता तरी विचारतील.

"फडकं आहे का एखादं?" साहेब म्हणाले.

तिनं नवऱ्याच्या पिशवीतून त्याचं फडकं काढलं, त्यावर टर्पेंटाइन ओतलं आणि पुढे केलं. साहेबांनी एकेक बोट निगुतीनं पुसलं. मग कठड्यावर कागद ठेवून लिहायला लागले. लिहिता लिहिता पुटपुटत होते, "योग्य शिडी जागेवर उपलब्ध होती. कामगाराने स्वतःहून चुकीची शिडी निवडली." खाली शाईच्या पेनानं लांबलचक सही केली. तिला कुणी काही विचारलंच नाही.

सही झाल्यावर साहेबांचं लक्ष बाहीकडे गेलं.

"अरेच्चा, इथंही लागलाय. जाईल ना हो हा?"

"ओला आहे तोवर जातो साहेब," ती म्हणाली. ती बाहीकडे बघतच नव्हती, कागदाकडे बघत होती. "वाळला की नाही जात."

साहेबांनी मान डोलावली आणि सहीवर हलकेच फुंकर घातली.