बनुबाईचं दिग्बोई

देशात जमिनीतून तेल काढायला जिथे सुरुवात झाली, त्या आसामातल्या दिग्बोईत येसाजीने सगळी नोकरी काढली. त्याची बायको बनुबाई मात्र कायम गावी, कुडपणलाच. सासू-सासरे, शेती, गुरं, पोरं, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. सुट्टी संपली की ती त्याला वेशीपर्यंत पोचवायला यायची आणि विचारायची, "मला कदी न्याल?"

"रिटायर झालो की दोघं जाऊ गो," तो म्हणायचा.

रिटायर झाल्यावरही काही ना काही निघतच राहिलं. मग महाडच्या डॉक्टरांनी बनुबाईला तपासून सांगितलं, "यांचं विसरणं आता वाढतच जाणार." येसाजीने त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

दिग्बोईत त्याने तिला हाताला धरून सगळं दाखवलं. जुनी तेलविहीर, रिफायनरीचं फाटक, तो राहायचा ती चाळ. दमून दोघं एका बाकावर टेकली. बनुबाई खुशीत होती. बऱ्याच वेळाने ती त्याच्याकडे वळली.



"भाऊ, तुमी हितलेच ना? आमचे मालक हितंच कामाला हायत. दिसले तर सांगा, बनू लय दमलीय, आता घरी या म्हणावं."