निवत चाललेली कॉफी

“काका, अजून काहीच ऐकू येत नाही,” मस्कतहून उसैदने पडद्यावरून पुन्हा सांगितले. तिकडचा आवाज इकडे स्वच्छ येत होता, चित्रही दोन्हीकडे दिसत होते. जॉर्डनमधल्या इरबिदच्या या घरातला आवाज तेवढा तिकडे जात नव्हता. मुनीब यांनी मायक्रोफोनची पिन काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि परत बसवली. लुजैनचे वडील म्हणून सारे त्यांना अबू लुजैन म्हणत.

पडद्याच्या मध्यभागी उसैदचे आजोबा, हाजी मुफ्लिह, बसले होते. दोन्ही बाजूंना कुळातले पुरुष दाटीवाटीने बसले होते. हाजींचे मागणे मांडून झाले होते: आमच्या उसैदसाठी तुमची लुजैन द्या. मग रीतीप्रमाणे त्यांनी कॉफीचा इवलासा कप ओठांना न लावता समोर ठेवून दिला होता. मुलीच्या बापाने ‘कॉफी घ्या’ म्हटले की शब्द दिला गेला. तोवर त्या बैठकीत कोणीही कपाला हात लावणार नव्हते.

हा संगणक अबू लुजैन यांनी या बैठकीसाठीच सुटे भाग आणून जोडला होता. तंत्रनिकेतनात त्यांनी उभा जन्म हेच शिकवले होते. लुजैनने शेजारी बसून एकेक तार त्यांच्या हातात दिली होती. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःचा आवाज त्यात भरून ऐकला, तेव्हा तो खणखणीत वाजला होता.

आता ते एकेक शक्यता बाजूला सारत होते. आवाजाची पातळी पुरेशी होती. मायक्रोफोन वापरण्याची परवानगी दिलेली होती. तोच मायक्रोफोन त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरला लावून पाहिला. तिथे तो चालला. म्हणजे दोष संगणकातच होता. त्यांची पाठ भरून आली होती. पत्नी गेल्यापासून घरातली शुभकार्येसुद्धा त्यांना ओझ्यासारखी वाटत. एवढे एक पार पडावे आणि आपण आडवे व्हावे, यापलीकडे त्यांना काही नको होते.

“अरे मुनीब, फोन उचल आणि सांगून टाक ना,” त्यांची थोरली बहीण सबीहा म्हणाली. “जगाच्या पोरांना शिकवलंस, आणि स्वतःच्या घरातली एक तार तुझं ऐकेना.”

फोन हाजींना चालणार नव्हता. फोन एकाच्याच कानात बोलतो, शब्द साऱ्या बैठकीने ऐकला पाहिजे, असे त्यांनी आधीच कळवले होते.

काल चालणारे यंत्र आज अडले, तर मधल्या वेळात त्याला कोणाचा हात लागला ते विचारा, असे अबू लुजैन विद्यार्थ्यांना सांगत. त्यांनी मान वळवली.

“लुजैन, कालपासून याला कोणी हात लावला होता का गं?”

लुजैन दाराशी रिकामा ट्रे धरून उभी होती. ती काही बोलली नाही.

“ती कशाला हात लावतेय? तिला आज तोंड उघडायचीसुद्धा लाज वाटतेय,” सबीहाने परस्पर उत्तर दिले.

गेल्या आठवड्यातही असेच झाले होते. सबीहाने भाचीपुढे या स्थळाचा विषय काढला होता. लुजैन गप्प राहिली, उठली आणि कप विसळायला निघून गेली. मुलीचे गप्प राहणे म्हणजे तिचा होकार, हे त्या घरात कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. सबीहाने तिथेच जीभ नाचवून आनंदाची लांब आरोळी दिली होती. अबू लुजैन तेव्हा दारातच उभे होते. एक अवघड बोलणे टळले, म्हणून त्यांना हायसे वाटले होते.

संगणकाच्या पाठीमागे मायक्रोफोनसाठी आणखी एक सॉकेट होते; पण तार तिथवर पोहोचत नव्हती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, बाजूचे झाकण उतरवले आणि गुडघ्यांवर बसून आत टॉर्च धरला.

समोरच्या सॉकेटची तार मदरबोर्डला जोडलेली नव्हती. ती निसटलेली नव्हती, कारण निसटलेली तार लोंबते. ही तार हलक्या हाताने काढून, नीट दुमडून, पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधून ठेवली होती. प्लास्टिकच्या पट्टीने तार काचते, म्हणून दोरा. पुढे कधी सोडावी लागेल, म्हणून सुरगाठ. या घरात तशी तार बांधणारी दोनच माणसे होती. त्यांतल्या एकाच्या हातात टॉर्च होता.

त्यांनी वर पाहिले. लुजैनची मान खाली नव्हती. ती थेट त्यांच्याकडे पाहत होती, आणि ट्रेवरची तिची बोटे पांढरी पडली होती.

“सापडलं का काही?” सबीहाने विचारले.

चालू यंत्रात हात घालू नये, हा नियम त्यांनी आजवर कोणाला मोडू दिला नव्हता. आज त्यांनी हात घातला. दोऱ्याचे टोक ओढले, गाठ सुटली, तार जागेवर बसली.

“आला, काका, आवाज आला!” उसैद म्हणाला. बैठकीत हालचाल झाली. हाजी प्रसन्न हसले आणि होकार गृहीत धरून त्यांचा हात कपाकडे गेला.

अबू लुजैन खुर्चीत बसले नाहीत. गुडघ्यांवरच सरकत ते मायक्रोफोनशी आले.

“हाजी, माफ करा. कॉफी अजून घेऊ नका. माझ्या लेकीला मी अजून विचारलेलंच नाही.”