पहिली धुरी

“शेगडीत काय टाकलं होतं, आजी?” डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

रुखमिणी तुमसरच्या दवाखान्यात पलंगावर पडून होती. छातीत धानगिरणी सुरू असल्यासारखं धडधडत होतं. दोनदा उलटी झाली होती. छताचा पंखा मध्येच जवळ येई, मध्येच दूर जाई. उजव्या हाताला सलाईन होतं. डावा हात तिनं कमरेवर घट्ट धरला होता. पायथ्याशी तिचा नातू भूपेंद्र उभा होता.

ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं, तिनं सांगितलं.

नातसून हर्षा नऊ दिवसांची बाळंतीण होती. बपेरा गावात पन्नास वर्षं रुखमिणीनं बाळंतिणींना न्हाऊ घातलं, शेक दिला, धुरी दिली. हल्लीच्या नर्सबाई धुरीला नको म्हणत, ते ती ऐकून सोडून देई. पण तिची एक रीत होती. पहिली धुरी ती स्वतः घ्यायची. डोक्यावरून पदर ओढून शेगडीवर वाकायची आणि छातीभर श्वास घ्यायची. आपल्या घशाला जे लागलं ते बाळाला लागणारच. मग निखारे कमी करायची, आणि त्यानंतरच शेगडी बाजेखाली सरकवायची. नेमकी बाळंतीण कोण आहे, असं विचारून शेजारणी हसायच्या.

आज शेपा पुरेशा नव्हत्या. फळीवर भूपेंद्रची रुपेरी पुडी होती, वर हिरव्या पानाचं चित्र. मागे तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, डासांचा धूप आहे. आत सुकी पानं होती. वास गोडसर होता. तिनं चिमूटभर निखाऱ्यावर टाकली आणि पदर ओढून वाकली.

गांजा तर नव्हता ना, असं आता डॉक्टर भूपेंद्रला विचारत होते. लक्षणं तशी होती, पण तपासणीत तो आलेला नव्हता.

“गांजाचा वास मले समजते, बापा,” रुखमिणी म्हणाली. “माहा सासरा चाळीस वर्षं चिलीम ओढे.”

सासरे नत्थूबुवा तिच्या डोळ्यांपुढे आले. भजन संपायच्या आत भिंतीला टेकून घोरणारे, जागे झाल्यावर दोन माणसांचं जेवणारे. त्या चिलमीनं घराचं भलं केलं नव्हतं. पण त्यांचं काळीज असं कधी उधळलं नव्हतं.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. हल्ली कुठल्याही सुक्या पाल्यावर रसायन फवारून विकतात, म्हणाले. पान नावालाच. साध्या तपासणीत ते सापडत नाही. ओढलं की काळीज धावतं, उलट्या होतात, भास होतात, कुणाला झटके येतात, कुणाच्या किडनीवर जातं. तसं काही असेल तर आत्ताच कळायला हवं, म्हणजे आजींवर तशी नजर ठेवता येईल.

भूपेंद्रनं सलाईनची बाटली किती उरली ते वाकून बघितलं.

रुखमिणी त्याच्याकडे बघत राहिली. तो चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. चार महिने झाले, त्याचे डोळे लाल असत. सकाळी मोरीत उलट्या करी. चहाचा कप हातात थरथरे. खाणीची धूळ बाधली, असं समजून ती रोज त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत आली होती.

“भूपेंद्र,” ती हळूच म्हणाली, “दिवेलागण होऊन राहिली. देवकाबाई आता हर्षाले धुरी देईन. तिले वाटन, बुढीले वयानं चक्कर आली. ते काही माह्यासारखी पहिली धुरी घेत नाही.”

देवकाबाई म्हणजे हर्षाची आई. लेकीच्या बाळंतपणासाठी कोंढ्याहून आली होती.

भूपेंद्रच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यानं खिशातून फोन काढला. घरी लावला.

“हर्षा, शेगडी पेटवू नको. आईले सांग. फळीवरची पुडी... तो धूप नाही. मी ओढतो ते. चार महिने झाले.”

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.  पलीकडून हर्षाचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“शेगडी तर आजीनंच विझवली. पडता पडता गडूभर पाणी ओतलं. पुडी कनवटीला खोचली, अन् मंगच पडली.”

रुखमिणीनं कमरेवरचा हात हलवला. लुगड्याच्या कनवटीतून रुपेरी पुडी काढली. डॉक्टरांनी हात पुढे केला होता. तिनं ती भूपेंद्रच्या तळहातावर ठेवली, जिथं रोज गूळ ठेवायची तिथंच.

“आता तूच दे त्याइले.”