तिसऱ्या पातळीची परीक्षा

इस्लामपूरच्या घरी बसून शर्वरी जपानमधल्या होरिगुचीआजींची देखभाल करणारा यंत्रमानव दुरून चालवायची. तिच्या मराठीचं लगेच अस्खलित जपानी व्हायचं, पण त्या गुळगुळीत आवाजाला आजी उत्तरच देत नसत. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नव्हता.

शेवटी शर्वरीनं भाषांतर बंद केलं. डब्याडब्यांवर शब्द चिकटवून, बातम्यांमागोमाग मोठ्यानं बोलून ती स्वतःच जे जपानी शिकली होती, त्यात अडखळत म्हणाली, "आजी, थोडी पेज घ्या ना."

आजींनी चमकून पाहिलं. "क्रियापद चुकलं. कुठं शिकतेस?"

"घरीच. डिसेंबरात तिसऱ्या पातळीची परीक्षा आहे."

"म्हणजे अजून पाच महिने मला टिकायला हवं," आजी पुटपुटल्या. "आण ती पेज. आणि वाक्य पुन्हा म्हण."