पहिलं कोण?

दोन मिनिटांची शांतता सुरू होऊन साडेतीन मिनिटं झाली होती, आणि व्यासपीठावरच्या चार मंडळांच्या चार प्रमुखांपैकी एकही तोंड उघडायला तयार नव्हता.

समोर तीनशे वीस माणसं डोळे मिटून बसलेली. म्हणजे पहिल्या मिनिटाला तेवढी होती. आता मिटलेले डोळे निम्म्यावर आले होते. खोकले मात्र दुपटीवर गेले होते.

"वहिनी," पहिल्या रांगेच्या कडेला माईकचं मशीन सांभाळणारा वायरमन कुजबुजला, "संपली की शांतता. आता कोण?"

वहिनी म्हणजे त्याची सख्खी भावजय. धंद्याने शिंपीण, आणि यंदाच्या सर्वधर्म मेळाव्याच्या स्वयंसेवकांची प्रमुख. तिने हातातला कार्यक्रमाचा कागद पाहिला. कागद गोल होता.

ती तिचीच युक्ती. गेल्या वर्षी यादीत आपलं नाव दुसरं आलं म्हणून काठीवाले आजोबा आपली चाळीस माणसं घेऊन भर कार्यक्रमातून उठून गेले होते. यंदा परत कोणी उठलं तर मेळावा कायमचा बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'पहिली प्रार्थना कोणाची' यावर तीन बैठका झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात, तर चिठ्ठी कोण उचलणार? वयाने ठरवावं, तर शालवाल्या आजी वय सांगेनात. शेवटी शिंपीण म्हणाली, "माझ्यावर सोडा," आणि जेवणाचं ताट कागदावर उपडं घालून कडेने कात्री फिरवली. चार मंडळांची चार नावं गोलाकार. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. चौघांनी एकदम टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये, गोलाला सुरुवात नसते, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

आता चौघेही आपापला कागद हळूहळू फिरवून बघत होते. आपलं नाव वर आलं की चेहरा खुलायचा. मग शेजाऱ्याच्या कागदावर शेजाऱ्याचं नाव वर दिसायचं.

"कोणाला तरी हात करा ना," वायरमन म्हणाला.

"केला की तोच पहिला झाला. मग उरलेले तिघे चालले घरी."

"म्हणजे काप चुकला."

"चुकला."

"मग?"

"गिऱ्हाईक समोर असताना तोंड पाडायचं नसतं, भाऊजी. गप बसा."

शिंपीण त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ताठ बसली, हात जोडले आणि डोळे मिटले. अगदी असंच ठरलं होतं, अशा थाटात. ते पाहून दारांपाशी उभ्या असलेल्या अकरा स्वयंसेवकांनीही डोळे मिटले. प्रमुखच निवांत म्हटल्यावर आपण कशाला घाबरा! त्यांचं पाहून मागच्या रांगांनी मिटले. खोकले उतरले.

पाचव्या मिनिटाला आजोबांची काठी हलली.

दारापाशी कोणीतरी श्वास रोखला. आजोबांनी काठी उचलली, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये नीट रोवली, तिच्यावर हनुवटी टेकली, आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नाही, नुसते ओठ. आजींनी ते एका डोळ्याने टिपलं. दुसरा मिटलेलाच होता. भक्तीत कसूर नको. त्यांचेही ओठ हलायला लागले, जरा जास्तच भराभर. मग चष्मेवाले मास्तर. मग दाढीवाले काका. मग पुढच्या रांगा, मागच्या रांगा, ज्याला जी प्रार्थना येत होती ती. सभागृहभर बारीक गुणगुण उठली. शेजारच्या खोलीत शिलाईमशीन चालू असावं तशी.

वायरमनचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला.

"वाढवू नका," शिंपीण डोळे न उघडता म्हणाली. "ज्याचा आधी ऐकू येईल तो पहिला होईल."

नवव्या मिनिटाला गुणगुण आपोआप थांबली. ती उठली आणि माईक हातात घेतला. "चारही प्रार्थना झाल्या. सगळ्यांचे आभार. आता जेवण पलीकडच्या खोलीत. घाई नको, चारही टेबलं एकदम सुरू होतील."

लोक हलले. आजोबा काठी टेकत तिच्यापाशी आले. "पोरी, शेवटी पहिली आमचीच झाली बरं का. मी सुरू केल्यावर बाकीच्यांना सुचलं."

"हो, आजोबा."

आजी शाल सावरत आल्या. "सुरू कोणीही करू दे. पुरी कोणाची आधी झाली? आमची."

"तर काय, आजी."

मास्तरांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "आम्ही शांततेच्या पहिल्या मिनिटातच म्हणून टाकली. बोलू नका कुठे."

"नाही बोलत."

काका जेवणाच्या खोलीकडे जाता जाता म्हणाले, "आम्ही तर घरूनच म्हणून निघालो होतो. भरवसा नको."

"बरं केलंत, काका."

सभागृह रिकामं झालं. वायरमन वायर गुंडाळत होता. "वहिनी, चौघांनाही हो म्हणालात?"

"त्यातला खोटं कोण बोलला ते सांगा."

त्याने बोटांवर चौघे मोजले आणि पुन्हा वायर गुंडाळायला घेतली. मग एकदम आठवून तो म्हणाला, "आणि तुमचे पण ओठ हलत होते. मी पाहिले. तुम्ही काय म्हणत होतात?"

"एवढंच, की कोणी उठू नये."

"कोणाला म्हणालात?"

एकात एक खुर्च्या रचणारे शिंपिणीचे हात थांबले. तिने खरोखरच आठवून पाहिलं.

"घाईत नाव घ्यायचंच राहिलं," ती म्हणाली.