डावा पाय की उजवा

"फुलीवाल्या टेपा इथे मागे टाकायचो," म्हणत टेपवाले काकांनी कपाटामागचा पत्रा ओढला. धुळीचा असा लोट उठला, की थोरलीने नाकाला रुमाल लावला.

काकांनी दूरचित्रवाणी केंद्राचं टेपघर नोकरीभर सांभाळलं होतं. आता केंद्र नव्या इमारतीत गेलं होतं, ही जुनी पाडायची होती आणि उरलंसुरलं भंगारात जायचं होतं. थोरलीने हातापाया पडून त्यांना घरून उठवून आणलं होतं.

"फुली म्हणजे काय, काका?"

"म्हणजे बाद. टेप मशीनवर लावायची, चित्र दिसलं नाही की लाल फुली मारायची. आवाज ऐकत बसायला वेळ कुणाला होता?"

"आणि चांगल्या टेपा?"

"पुसल्या. टेप महाग, जागा अपुरी. कार्यक्रम झाला की पुसायची, पुन्हा वापरायची. नाटकं गेली, गाणी गेली, पुढाऱ्यांची भाषणंही गेली. ती गेली ते बरंच झालं म्हणा. तुमच्या अण्णांची टेप चांगली असेल, तर ताई, ती गेलीच समजा."

अण्णा म्हणजे थोरलीचे वडील, याच केंद्राचे निवेदक. माणसाने चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलं, ते या गावाने त्यांच्या आवाजात पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. घरात त्याचा एक तुकडा नव्हता. निवेदकाच्या घरात तो टेप करून ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अण्णा आता पाटीवर लिहून बोलायचे. हल्ली तर तिच्या स्वप्नातही ते पाटीवर लिहायचे, आणि ती दचकून उठायची. आपण तो आवाज विसरतोय, या भीतीने तिच्या पायाला भिंगरी लावली होती.

तो दिवस मात्र तिला लख्ख आठवत होता. गल्लीत एकच टीव्ही, शेजारच्या मावशींकडे. पडदे ओढलेले, दिवे घालवलेले, खोलीत मुंगी शिरायला जागा नाही. ती मावशींच्या मांडीवर. पांढुरका माणूस शिडीवरून हळूहळू उतरला, शेवटच्या पायरीवर थबकला, मग त्याने डावा पाय खाली टेकवला. चुलीतल्या राखेत पाय पडावा तशी धूळ उडाली.

कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा, उजवा पाय. त्यावरून गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून तो भांडायला उठायचा. मावशी डाव्याच्या बाजूने. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? या डोळ्यांनी पाहिलंय मी," असं म्हणायच्या. भांडण शेवटी अण्णांकडे जायचं.

"तुम्ही पाहिलंत ना?" अण्णा दोघांनाही विचारायचे.

"पाहिलं तर."

"मग तेच खरं." आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

टेप शोधते, असं थोरलीने म्हटल्यावर मात्र ते हसले नव्हते. पाटीवर लिहिलं होतं, 'कशाला? सगळ्यांना आठवतंय की.'

"मला चंद्र नकोय अण्णा," ती वैतागून म्हणाली होती. "तुम्ही हवे आहात."

त्यांनी पाटी पुसली होती आणि बराच वेळ ते ती पुसतच राहिले होते.

"ही बघा," काका खाली बसत म्हणाले. डब्यावर 'चंद्र, थेट' अशी अक्षरं होती आणि त्यांवर लाल फुली. "फुली माझ्याच हातची. म्हणून वाचली बिचारी. पण ताई, मन घट्ट ठेवा. डोंगर पोखरून उंदीर निघायचा."

दुसऱ्या दिवशी काकांनी अडगळीतलं जुनं मशीन पुसून चालू केलं. थोरलीने अण्णांना आग्रह करकरून आणलं होतं. ते खुर्चीत बसले आणि पाटी त्यांनी मांडीवर पालथी ठेवली.

काकांनी टेप उजेडात धरून वीतभर पाहिली, मग आणखी वीतभर. "गंमत आहे. बुरशी नाही, सुरकुती नाही. टेप अगदी धडधाकट आहे. मग मी फुली का मारली असेन?"

अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

टेप फिरू लागली. पडदा काळाच राहिला. काकांनी एक बटण पिळलं, मग दुसरं. "चित्र धरत नाहीये. थांबा जरा."

तेवढ्यात खरखर झाली, आणि आवाज आला.

तोच आवाज. भरदार, जरा घाईचा, वाक्याच्या शेवटी किंचित खाली उतरणारा. आपण तो विसरलो नव्हतो, हे थोरलीला पहिल्याच शब्दाला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने अण्णांचा हात धरला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"राहू दे काका, चित्र नसलं तरी चालेल," ती म्हणाली. "पुसलं गेलं असेल. मी पाहिलंय ते."

काकांचा हात बटणावर थांबला. काळ्या पडद्यातून तरुण अण्णा बोलत होते.

"मंडळी, कुणी उठू नका. माझ्या कानात तिकडचा आवाज येतोय, पण चित्र आपल्यापर्यंत पोचलेलं नाही आणि आज ते पोचणारही नाही. पडदे ओढा, दिवे घालवा, डोळे मिटा. मी सांगतो, तुम्ही बघा."