चौथा मजला सोडून

दार उघडलं तेव्हा वहिनींना धाप लागली होती. लिफ्ट बंद. मजल्यांच्या आकड्यांवर त्यांच्याच पक्षाची पोस्टरं इतकी थापलेली, की आपण कितव्या मजल्यावर आलोय हे त्यांना कळेना. तिसराच असेल, असं धरून त्यांनी तोंडभर हसू आणलं. “काय हो ताई, आपल्याकडे पाणी येतं का वेळेवर?”

मत आधी मागायचं नाही, हे पक्षाच्या दादांनी पढवलेलं. आधी दुखणं विचारायचं. बोलताना ‘आम्ही’ नाही, ‘आपण’ म्हणायचं. माणूस जरा जवळ आलं, की मग हळूच ‘ते’ काढायचे. ‘ते’ म्हणजे परके. इथे राहून म्हातारे झाले तरी परकेच, असा दादांचा हिशेब. या इमारतीत चौथा मजला त्यांचा. म्हणून चौथा सोडून बाकीची दारं वाजवायची.

वहिनींचा दादांवर विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. टाइल्सचा कारखाना बंद पडला आणि त्यांच्या नवऱ्यानं अंथरूण धरलं. आजार म्हणावा तर आजार नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून पडायचा. साहेबांच्या नकला करून अख्ख्या कारखान्याला हसवणारा माणूस, आता त्याला जेवायलाही हलवून उठवावं लागे. नातलग फिरकले नाहीत. एकटे दादा आले, उशाशी बसले आणि म्हणाले, “भाऊ, जेवलात का?” त्या एका वाक्यानं वहिनी विरघळल्या. निवडून आलो की भाऊंना गोदामात चिकटवतो, असा शब्दही दादांनी दिला. तेव्हापासून वहिनी उंबरे झिजवत होत्या. नवरा एकदा उठून उभा राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

“पाण्याचं नावच काढू नका,” दारातली बाई ओले हात पुसत म्हणाली. “आत या. बसा तरी, किती दमलात.”

मग पाण्यावरून भाड्यावर आणि भाड्यावरून दवाखान्यातल्या रांगेवर गाडी गेली. “आपल्याला कोण विचारतंय?” हे बाईच आधी म्हणाली. वहिनी मनातून खूश झाल्या.

“आमचे हेही घरीच असतात,” बाईचा आवाज खाली आला. “कारखाना गेल्यापासून पडून आहेत.”

“भिंतीकडे तोंड करून?” वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

बाईनं चमकून पाहिलं. वहिनींना भडभडून आलं. खरं तर इथेच थांबायचं, पण जिभेला वळण पडलेलं. “हे सगळं त्या चौथ्या मजल्यावरच्यांमुळे,” त्या म्हणाल्या. “ते आले आणि आपली कामं गेली.”

बाई उठून उभी राहिली. म्हणाली, “ताई, चौथा मजला हाच.”

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्रकं गोळा करत त्या उठल्या, तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

“कुणाचं काम नेलं हो मी? भट्टीच्या एका तोंडाला मी असायचो, दुसऱ्या तोंडाला नकल्या. दोघांनाही एकाच दिवशी घरी बसवलं. जा, विचारा त्याला!”

वहिनी जागच्या जागी थबकल्या. नकल्या हे नाव कारखान्यातलं. कारखान्याबाहेर ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

चौकटीखाली मान वाकवून एक ताडमाड माणूस बाहेर आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. वहिनींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. नवऱ्याचा हात भट्टीवर भाजला तेव्हा अंगातला सदरा फाडून बांधणारा तो हाच. घरी रोज त्याचे किस्से निघायचे. त्याचं खरं नाव काय, हे मात्र त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

“तुम्ही लंबू?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“नकल्यानंच,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांना एकदम रडू फुटलं. “मी त्यांची बायको.”

लंबू मटकन खाली बसला. “कसा आहे तो?”

“तुमच्यासारखेच.”

बाईनं वहिनींच्या हातातली पत्रकं काढून घेतली आणि पाण्याचा पेला दिला. वहिनींनी फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. शेवटी पलीकडून एक थकलेला हुंकार आला.

“अहो, मी लंबूच्या घरी आहे,” त्या म्हणाल्या. “चौथ्या मजल्यावर. तेही तुमच्यासारखेच पडून आहेत.”

चौथ्या मजल्याच्या गोष्टी दादांनी त्यालाही ऐकवल्या होत्या. वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग पलीकडे खाट करकरली.

“माझ्या चपला कुठे ठेवल्यास गं?”